ड्राइव्ह शून्यावर

वॉल्सेंडला, टाइन नदीच्या या काठावर,
डिसेंबरात दुपारी चारलाच दिवे लागतात.
भावाच्या व्हॅनमधून मी बाबांचा अँप उतरवते.
सत्तावीस किलो. हँडल एका बाजूनं तुटलेलं,
समोरच्या कापडावर बिअरच्या डागांचा नकाशा.
बाबा म्हणायचे, उचलणाऱ्याची कंबर जाईल,
ह्याचा आवाज जायचा नाही.

लायोनेल हेसलडेन. दिवसा जहाजांच्या पोटात वेल्डिंग,
शनिवारी कामगार क्लबात गिटार,
बिंगोच्या दोन डावांमध्ये चाळीस मिनिटं.
पहिल्याच गाण्याला सेक्रेटरी स्टेजपाशी यायचा,
तळहातानं हवा दाबायचा: हळू. अजून हळू.
आणि हळू केलं की हा अँप
विसळून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा.
स्वच्छ, आणि आत काही नाही.

व्हॉल्व्हला थोडा जाच लागतो.
दूध उतू जायच्या आधी कडेकडेनं जे थरथरतं ना,
साय फाटत असते पण अजून फाटलेली नसते,
तिथं नेऊन धरावं लागतं त्याला, रात्रभर.
त्यासाठी ते पेडल. साबणाच्या वडीएवढं,
पिवळा पत्रा, तीन नॉब, बुटानं रंग उडालेला.

चौदाव्या वर्षी मी ते चोरून जोडलं होतं.
ड्राइव्ह पुरता पिळला, कोण नाही पिळणार?
बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाश्या.
मला वाटलं, हेच ते.
बाबा काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी नॉब परत आपल्या जागी होते,
आणि ती जागा बघायचं मला सुचलं नाही.

आता ते मार्चपासून नाहीत.
स्विच दाबते. जुन्या रेडिओसारखा हा वेळ घेतो.
मागच्या जाळीतून नारिंगी उजेड येतो,
तापलेल्या धुळीचा वास येतो,
बाबांच्या कोटाला यायचा तोच.
तार छेडते. ते नाही.
तारा बदलल्या, वायर बदलली,
ड्राइव्ह अर्ध्यावर, पाऊणवर, परत अर्ध्यावर.
माश्या. नुसत्या माश्या.

आई दारात. अंगात कोट, हातात बटाट्यांची पिशवी.
आयुष्यात तिनं गिटारला फडकं मारण्यापलीकडे हात लावला नाही.
म्हणाली, ते उजवीकडचं बंद कर.
बंद म्हणजे?
बंद म्हणजे बंद. शून्य.
आणि डावीकडचं वर ने. घड्याळात अडीच वाजतात तिथं.

पेडलनं स्वतः ओरडायचं नसतं, म्हणाली,
त्यानं नुसतं ढकलायचं.
ओरडायचं काम त्या काचेच्या लोकांचं.

मग पिशवी खाली न ठेवताच सांगत राहिली.
रिव्हेटच्या हातोड्यांनी त्याचे कान गेले होते गं,
तिशीच्या आतच. वरचं काही ऐकूच यायचं नाही त्याला,
किटलीची शिट्टीसुद्धा नाही.
मी मागं उभी राहायचे, कोटांच्या खुंट्यांपाशी,
आणि बोटं दाखवायचे.
तो नॉब फिरवायचा. मी मान हलवायचे.
एवढंच.

एवढंच?
सगळं शील्ड्स रोड ज्याला लायोनेलचा आवाज म्हणायचं,
तो हिच्या कानातला होता.

मी तार हलकेच छेडते: पाण्यासारखी नितळ.
जोरात छेडते, आणि सूर कडेला जरा फाटतो,
बाबा रात्री उशिरा जिना चढताना
नाव घेऊन हाक मारायचे, तेव्हा त्यांचा घसा फाटायचा तसा,
आणि विझता विझता पुन्हा नितळ होतो.
खिडकीची काच बारीक थरथरते.
खाली कुणाचं तरी कुत्रं भुंकून गप्प होतं.

आई खुंटीपाशीच उभी आहे, कोट न काढता.
एक बोट वर करते.
वाढव, की बस, की नुसतंच थांब,
मला ती भाषा येत नाही.
मी नॉबला हात लावत नाही.
तीच तार पुन्हा छेडते
आणि तिच्या मानेकडे बघत राहते.